बोजोशच्या खोडातली सात भोकं

१

दोरवाल्यांच्या गल्लीतला सगळ्यात जुना बोजोश वृक्ष आजारी नाही, त्याला कुणीतरी मारलंय, हे सगळ्यात आधी कळलं ते स्रेतेनच्या चाकूला.

जूनचा पहिला मंगळवार होता. गल्लीतली बाकीची झाडं हिरवीगार, आणि नेवेनाच्या दारातल्या या एकशेदहा वर्षांच्या झाडाखाली मात्र पिवळ्या पानांचा खच. नगरपालिकेत झाडांचं खातं सांभाळणारा स्रेतेन आपलं अवाढव्य पोट सावरत गुडघ्यांवर बसला होता. खोडाचा खालचा मीटरभर भाग चुन्याने रंगवलेला, सोंबोर गावातल्या प्रत्येक झाडाचा असतो तसा. तो चुना खरवडता खरवडता चाकूचं टोक एकदम आत गेलं.

"हं," स्रेतेन म्हणाला.

त्याने टोक फिरवलं. मेणाचं बूच बाहेर आलं. आत करंगळी जाईल एवढं भोक, तिरपं, खाली उतरत गेलेलं. त्याने नाक लावून हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. "तणनाशक. आणि तेसुद्धा हात न आखडता ओतलेलं."

एक, दोन, तीन... मोजता मोजता सात झाली. सातही भोकं घराकडच्या बाजूला, रस्त्यावरून दिसू नयेत अशी.

जमलेली वीसएक माणसं खोडाकडे सरकली. नेवेनाच्या कडेवर दहा महिन्यांची कोसारा होती. तिने आईच्या कानातलं ओढलं, तरी नेवेना हलली नाही.

"खोडाला चुना कोणी लावला?" स्रेतेनने विचारलं.

"मी. ईस्टरच्या आदल्या आठवड्यात."

"भोकं दिसली नाहीत?"

"नव्हतीच तेव्हा."

"चुना तर भोकांच्या वर आहे, बाई. म्हणजे भोकं आधी, चुना नंतर." त्याने खिशातून सूर्यफुलाच्या बिया काढल्या. "भिंतीला तडा गेला, झाड पाडा, हा अर्जही तुमचाच ना?"

"हो. पण तुम्ही झाड पाडायचं नाही म्हणालात. खंदक खणून मुळं अडवणारा पडदा पुरायचं ठरलं, आणि मी मान्य केलं."

"शिक्षण काय तुमचं?"

"रसायनशास्त्र. शाळेत शिकवते. सध्या बाळंतपणाच्या रजेवर आहे."

मागून कुणीतरी खुसखुसलं. शेजारचा रादिवोय काका पुढे आला. गालिचे धुण्याचा त्याचा धंदा. हातांना कायम साबणाचा वास. 'बोजोशची एक फांदीही तुटणार नाही' अशी पाटी हिवाळाभर छातीवर लटकवून गल्लीभर सह्या गोळा केल्या होत्या त्यानेच.

"माझ्या आजोबांनी लावलेलं झाड आहे हे," तो भरल्या गळ्याने म्हणाला. "पोरी, तुझ्या घरी पाळणा हलला तेव्हा आम्ही नाचलो. आणि तू हे केलंस?"

"मी काही केलेलं नाही, काका."

स्रेतेनने सालं थुंकली. "शुक्रवारी समितीची बैठक आहे. मेलेल्या झाडासाठी कोणी पडदा पुरत नाही. हुकूम रद्द, फाइल बंद."

"आणि माझी भिंत?"

"झाड भिंत फोडत होतं म्हणता ना? मग झाड गेलं, प्रश्न मिटला."

नेवेनाने घराच्या कोपऱ्याकडे पाहिलं. कालच तिची करंगळी तड्यात गेली होती. महिन्याभरापूर्वी ती जात नव्हती.

२

घर मातीचं. पिवळी माती साच्यात ओतून, चोपून चोपून उभ्या केलेल्या हातभर जाड भिंती. रस्त्याकडच्या खोलीच्या कोपऱ्यात, रादिवोय काकाच्या फाटकाच्या अंगाला, तडा छतापासून निघून खाली येत होता. त्याच भिंतीवर घराची मोठी तुळई टेकलेली. कोसाराची खाट नेवेनाने कधीच स्वयंपाकघरात नेली होती. पण तुळई खाली आली तर स्वयंपाकघर तरी कुठलं उरणार?

तड्याशेजारी पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. दर रविवारी एक, तारखेसकट. नवरा ओग्न्येन दान्यूब नदीवर मालवाहू बोटींवर. तीन-तीन आठवडे घरी नाही. रात्री काही करकरलं की ही उठून आधी बाळाचा श्वास बघायची, मग रेघ.

"भिंतीची कुंडली मांडलीस नुसती," सासूबाई देसांका म्हणायच्या. "मुलीचं वजन लिहीत जा त्यापेक्षा."

"तेही लिहिते, आई."

दुपारी बाहेर कागद फाडल्यासारखा आवाज झाला. नेवेना फाटकाशी गेली. खोडावर माणसं मेल्यावर लावतात तसला काळ्या चौकटीचा कागद डकवलेला होता: 'आमचा लाडका बोजोश, वय एकशेदहा, क्रूर हातांनी आमच्यातून हिरावून नेला.' खाली 'दुःखी गल्ली'. आणि मग, तिच्याच घराचा नंबर.

तिने कागद उपटायला हात उचलला. तेवढ्यात कडेवरची कोसारा वाकली आणि तिने खोडावर थाड्‌ थाड्‌ चापट्या मारल्या. मग हात तोंडाकडे नेला.

"छी छी, नाही!" नेवेनाने हात धरला. तळवा पांढराफटक झाला होता.

ती थबकली.

तिचा चुना असा हाताला लागत नाही. सासूबाईंची पद्धत: चुन्यात मूठभर मीठ आणि लोणी काढलेलं दूध. पाऊस लागो की बाही घासो, वर्षभर निघत नाही. तिने खोडाच्या रस्त्याकडच्या बाजूवर बोट घासलं. बोट स्वच्छ. भोकांच्या बाजूला घासलं. बोट पांढरं. ओली बाही घासली तर खालून तिचा जुना, घट्ट, पिवळसर चुना दिसला. भोकं त्याच्याही आरपार गेलेली होती.

म्हणजे आधी तिचा चुना, मग भोकं, मग दुसऱ्या कुणाचा तरी चुना.

ईस्टरनंतर कुणीतरी तिच्या दाराशी बसून हे काम निवांत उरकलं होतं. आणि ती, डोळ्यांत तेल घालून जागणारी, तिला पत्ताच नव्हता!

३

उजवीकडच्या घरात मार्गित मावशी. एकटीच, निवृत्त ग्रंथपाल. बोजोशबद्दल तिचं मत अख्ख्या सोंबोरला तोंडपाठ होतं.

"मी मारलं का, हेच विचारायला आलीस ना?" तिने दार अर्धंच उघडलं. "ते पोर आत आणलंस तर आधी त्याच्या हातातली बिस्किटं काढून घे."

बागेत गुलाबांची एक रांग वाळलेली. विटांच्या वाटेखाली मूळ घुसून विटा वर आलेल्या, पाठीचा मणका दिसावा तशा.

"बघ. माझ्या हयातीतले सगळ्यात चांगले गुलाब. सगळं पाणी तो राक्षस पितो. शरद ऋतूत त्याची काळी फळं, फळांना पक्षी आणि पक्ष्यांची... असो. तो मेला म्हणून मी रडणार नाही."

"मग मारलंत का?"

"कशाला मारू? खंदक मंजूर झाला होता ना!" मावशी चिडून म्हणाली. "ईस्टर झाल्यावर बुधवारी पत्र आलं. तुला, मला, रादिवोयला. पडदा तुझ्या भिंतीकडून माझ्या बागेपर्यंत आणायचं स्रेतेनने कबूल केलं होतं. नवीन गुलाब मागवून बसले होते मी. आता झाड मेलं, खंदक रद्द, आणि जमिनीतली मुळं कुजत बसणार. माझं नुकसानच केलंय ज्याने केलं त्याने."

नेवेनाची नजर मावशीच्या कुंपणाच्या भिंतीकडे गेली. फिकट निळी. मावशी चुन्यात नीळ घालायची, तिच्या आईसारखी. बादली कोपऱ्यात होती. तीही निळी, कुंचाही निळा. घरात दुसरा चुनाच नव्हता.

खोडावरचा वरचा थर मात्र पांढराशुभ्र होता.

"एक सांगू?" मावशी दार लावता लावता म्हणाली. "मी तुझ्या जागी असते तर आधी स्वतःच्या घरात शोधलं असतं. त्या झाडाच्या बुंध्याशी तुझ्या सासूला काहीतरी ओतताना पाहिलंय मी. या डोळ्यांनी."

४

लाकडाच्या खोपटात, कांद्याच्या जाळ्यांमागे, तणनाशकाची बाटली सापडली.

नेवेनाने ती उजेडात धरली. सासूबाई? ज्या कोसाराला मांडीवर घेऊन तासन्‌तास गातात त्या? पण 'त्या झाडाने माझ्या नातीच्या डोक्यावर भिंत पाडायच्या आत मीच त्याला बघते' असं जानेवारीत म्हणाल्या होत्याच की!

मागे पाऊल वाजलं.

"काय शोधतेस?" देसांका दारात उभ्या. हातात कोसाराची चड्डी.

नेवेनाने बाटली पुढे धरली.

"म्हणजे तुला वाटतं, मी," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही झाडाशी काय ओतत होतात, आई?"

"भांडी धुतलेलं पाणी, अगं! वाळायला लागलं होतं बिचारं. रागाने बोलते मी, पण तहानेने कुणी मरताना बघवतं का?" त्यांनी बाटली हिसकावून झाकण दाखवलं. वरची पट्टी तशीच घट्ट. "तुझे सासरे गेले त्या वर्षी आणलेली. उघडायची कशी तेच कळलं नाही."

नेवेना लाकडांवर बसली. हसू आणि रडू एकदमच आलं. "माफ करा, आई."

"माफबिफ राहू दे. बरं झालं विचारलंस. मनात ठेवलं असतंस तर कुजलं असतं." देसांका तिच्याशेजारी टेकल्या. "मी या घरात नवी नवरी आले ना, तेव्हा नळ नव्हता. रादिवोयच्या घरची आणि आमची मिळून एक विहीर. पाणी ओढता ओढता त्याची आई मला सगळ्या गल्लीची लफडी सांगायची. हे झाड तेव्हाही एवढंच. दोन्ही घरांनी त्याच्या सावलीत कपडे धुतले."

"विहीर कुठे होती?"

"इथंच, फाटकाकडे कुठेतरी. मग नळ आला, वर कमान बांधून झाकली. तुझ्या सासऱ्यांनी खोली रस्त्याकडे वाढवली ती त्यानंतर. आता जागा नेमकी कुठली..." त्यांनी हात हवेत फिरवला. "खालीच असेल की कुठेतरी आपल्या."

५

"ये, पोरी. आरोपी असलीस तरी कॉफी मिळेल," रादिवोय काका म्हणाला.

अंगण सिमेंटचं, फाटकाकडे उतरतं. तारांवर जेमतेम दोन गालिचे. कोसाराने गोल फिरणाऱ्या ब्रशाच्या यंत्राकडे बोट दाखवलं.

"धंदा थंड दिसतोय, काका."

"जूनमध्ये गालिचे कोण धुतं? तू ईस्टरच्या आधी ये, नाहीतर डिसेंबरात, संत निकोलाच्या सणाआधी. अर्ध्या गावाच्या घरचा सण तो. पाहुणे येणार म्हटल्यावर सगळ्या बायकांना एकाच आठवड्यात गालिचा मळलेला दिसतो! पाय ठेवायला जागा नसते इथे."

नेवेनाने कप खाली ठेवला. "काका, समितीला सांगून खंदक तरी खणून घ्यायला हवा. तुम्ही सही कराल?"

"कशाला?" उत्तर जरा जास्तच झटकन आलं. "झाडच गेलं, आता रस्ता कशाला उकरायचा? मेलेल्याला जरा शांत पडू द्या."

"माझ्यासाठी नाही. भिंतीसाठी."

"भिंत थांबेल बघ आता. आपोआप." त्याने कोसाराच्या गालाला हात लावला. तिने तोंड फिरवलं.

घरी येऊन नेवेना तड्यासमोर उभी राहिली. रेघा वाचू लागली. ऑगस्टमध्ये काही नाही. सप्टेंबर, काही नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोन मिलिमीटर, एका फटक्यात. मग महिनेच्या महिने शांत. ईस्टरच्या आदल्या आठवड्यात तीन.

तिने त्या दोन रेघांवर बोटं ठेवली.

स्रेतेननेच हिवाळ्यात समजावलं होतं: झाडं उन्हाळ्यात जमीन सुकवतात, म्हणून झाडाने फोडलेली भिंत उन्हाळ्यात उघडते. तिची भिंत उन्हाळ्यात गाढ झोपली होती. ती जागी व्हायची फक्त गावातले गालिचे धुवायला यायचे तेव्हा. आणि ही पिवळी माती कोरडी असेपर्यंत दगड, ओली झाली की लापशी, हे इथलं शाळेतलं पोरही सांगतं.

ती बाहेर धावली. काकाच्या यंत्राची घरघर चालू होती. सगळ्या घरांचं पाणी रस्त्याकडेच्या गटारात येतं. काकाच्या फाटकासमोरचं गटार कोरडं ठणठणीत होतं; त्यात पिवळी पानं खडखडत होती.

मग पाणी जातं कुठे?

पण एक गोष्ट जुळत नव्हती. शेवटच्या तीन रेघा. मे महिन्याच्या. गालिचे नव्हते, पाऊस नव्हता, तरी भिंत आठवड्याला मिलिमीटरने उघडत होती. आत्ता, या क्षणीही, उघडत असेल.

६

बुधवारी सकाळी स्रेतेनने सगळं ऐकून घेतलं. बिया चावणंही मध्येच थांबवलं.

"रेघांवरून मी कुणाच्या घरात घुसू शकत नाही, बाई."

"त्याच्या घरात नकोच. माझ्या दारात खणा. पडद्याचा हुकूम शुक्रवारपर्यंत जिवंत आहे ना?"

"आहे."

"मग कोपऱ्यातले पहिले दोन मीटर. उद्या."

तो तिच्याकडे बघत राहिला. "आणि खाली नुसती माती निघाली तर? झाड मारल्याचा अहवाल मी तुमच्या नावाने पाठवणार. मग भिंतीकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही."

"पाठवा," ती म्हणाली.

तिथून ती मार्गित मावशीकडे गेली. "नीळ हवी आहे."

"किती?"

"असेल तेवढी सगळी."

मावशीने चष्म्यावरून पाहिलं. "एक पुडी दोन भिंतींना पुरते. काय, चर्च रंगवतेस?"

"गालिचा."

मावशीने दोन सेकंद विचार केला. मग आत जाऊन नऊ पुड्या आणल्या. म्हाताऱ्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच मजा दिसत होती. "उरलीच तर परत आण," ती म्हणाली. "पण उरवू नकोस."

दुपारी सासू-सुना मिळून समोरच्या खोलीतला मोठा गालिचा काकाच्या अंगणात घेऊन गेल्या. निम्मा गालिचा निळाभोर.

"अरे देवा! हे काय?"

"बादली कलंडली," देसांका कपाळाला हात लावून म्हणाल्या. "या पोरीला धड चुनाही कालवता येत नाही. सणापर्यंत ठेवू म्हटलं असतं, पण डाग बसेल ना रे. आज होईल का?"

"तुझ्यासाठी आत्ता करतो, देसांका."

यंत्र सुरू झालं. निळं पाणी अंगणाच्या उतारावरून वाहत फाटकाजवळच्या जाळीत शिरलं. गटारात एक थेंब आला नाही.

गुरुवारी सकाळी दहाला दोन मजूर फावडी घेऊन आले, आणि रादिवोय काका पायजम्यावरच बाहेर धावला.

७

"थांबा! कोणाच्या परवानगीने?" तो ओरडला. "झाड मेलंय! पडदा कशाला?"

"मलाही तेच कोडं पडलंय," स्रेतेन म्हणाला. "झाडासाठी सह्या गोळा करणारा माणूस त्याच्या मुळांना इतका का घाबरतो?"

मीटरभर खाली मुळं लागली. नेवेनाच्या भिंतीखाली गेलेली मुळं सुतळीएवढी, निरुपद्रवी. पण कोपऱ्याकडे वळलेली मांडीएवढी जाड, सगळी एकाच दिशेने, जत्रेला निघाल्यासारखी. मजुराने फावडं मारलं आणि ते विटेवर खणखणलं. विटा आत कोसळल्या. खालून गार, साबणाचा वास वर आला.

सगळे वाकले.

विहिरीचा अर्धा घेर खोलीच्या भिंतीखाली होता. कमानीतून बोजोशची हजारो मुळं म्हाताऱ्याच्या दाढीसारखी खाली लोंबत होती, काळी, मेलेली. रादिवोयच्या अंगणाकडून एक प्लास्टिकचा पाइप आत आलेला. त्याच्या तोंडातून थेंब पडत होते. निळे.

"माझी नीळ!" मार्गित मावशी कुंपणावरून म्हणाली.

नेवेनाला आता शेवटच्या तीन रेघा कळल्या. पाणी कमानीला टेकायला वीतभरच कमी होतं.

"ते पीत होतं," ती हळू म्हणाली. "उन्हाळाभर हे सगळं पाणी झाड पीत होतं. थंडीत झोपायचं, तेव्हा भिंत हलायची. पालवी फुटली की परत उपसायला लागायचं. या वर्षी मे महिन्यात उपसायला कोणी उरलंच नाही. माझी भिंत त्याने फोडली नाही. धरून ठेवली होती."

मजुराने फावडं खाली ठेवलं. विहिरीत थेंब वाजत होते.

"आपण सगळे झाडाचा वैरी शोधत बसलो," ती स्रेतेनला म्हणाली. "वर्षानुवर्षं कोणी त्याला हात लावला नव्हता. ईस्टरनंतरच्या बुधवारी खंदकाचं पत्र आलं आणि मग भोकं पडली. पत्र तिघांना आलं. मावशींना खंदक हवा होता, मला हवा होता. खणलं की पाइप सापडणार, ही भीती एकालाच होती. झाड मेलं की खंदक आपसूक रद्द, आणि संशय माझ्यावर. झाडासाठी छाती पिटणाऱ्यावर कोण संशय घेणार?"

रादिवोय विहिरीच्या काठावर मटकन बसला. "गटारात सोडलं तर साबणाचा फेस, दंड, परवाने... धंदा बंदच झाला असता. जुनी विहीर होतीच. सगळेच सोडतात जुन्या विहिरीत. म्हटलं, माती पिऊन टाकेल." त्याने मेलेल्या मुळांकडे पाहिलं. "लहानपणी माझा झोका होता या झाडाला. भोकं पाडताना मी रडलो, देसांका. खरं सांगतो."

"रडलास?" देसांका म्हणाल्या. "आणि मग चुना लावलास."

"मला वाटलं, झाड गेल्यावर पालिका भिंत बघेल..."

"नाही वाटलं," नेवेना म्हणाली. ती ओरडली नाही. "पाणी कुठे जातं ते तुम्हाला माहीत होतं. कोसारा जन्मली तेव्हा ओग्न्येन बोटीवर होता. तिची खाट तुम्ही उचलून आणलीत. त्या कोपऱ्यात तुम्हीच ठेवलीत, काका. 'इथे वारा लागणार नाही' म्हणालात."

रादिवोयने दोन्ही हातांनी चेहरा झाकला.

घरात काहीतरी कडकन मोडल्याचा आवाज झाला. तुळई.

"बाळ कुठे आहे?" स्रेतेन किंचाळला.

८

बाळ कुंपणापलीकडे मार्गित मावशीच्या कडेवर होतं, बिस्किटासकट. सकाळी नेवेनानेच दिलं होतं. घरात ठेवायची हिंमत झाली नव्हती.

दुपारपर्यंत तुळईखाली टेकू लागले. विहिरीतलं पाणी उपसायला पंप आला. स्रेतेनने दाराला पालिकेची पट्टी लावली: विहीर भरून भिंतीचा पाया बांधेपर्यंत, निदान दोन महिने, राहायला मनाई. रादिवोयचा जबाब लिहून घेतला गेला. त्याची बायको "आमच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत," असं फाटकातून पुटपुटून गेली.

"तुझं सामान आण," मार्गित मावशी म्हणाली. "पण ऐक. संध्याकाळी सातनंतर रडारड नको, पुस्तकांना हात नको."

"ती दहा महिन्यांची आहे, मावशी."

"मग वेळेवर शिकेल."

देसांका भांडी आणायला गेल्या. मावशीने आतल्या खोलीचा पडदा ओढला. निळ्या भिंतींत उजेड मऊ झाला. कोसारा दिवसभराच्या गोंधळाने थकून, आपल्या खाटेवर तोंड उघडं टाकून झोपली होती. बाहेर पंपाचा एकसुरी आवाज चालू होता.

नेवेना उठली. तळवा भिंतीवर ठेवून चालू लागली. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्यात नखाने खालून वर पाहिलं. मग दुसरी भिंत. तिसरी. वाकून जमिनीच्या सांध्याला बोट लावलं, कोरडं होतं. खाली कान टेकला.

"सापडला का तडा?" दारातून मावशीचा आवाज आला. हळू, वाचनालयातल्यासारखा.

नेवेना लाजून उभी राहिली. "नाही."

"साठ वर्षं राहतेय मी इथे. कुठेही नाही."

"हो."

"मग पड की जरा, बाई."

"पडते," नेवेना म्हणाली. मावशी गेली. मग तिने श्वास रोखून, कोसाराला जाग येणार नाही अशा बेताने, खाट भिंतीपासून हातभर पुढे ओढली आणि भिंत व खाट यांच्या मधल्या जागेत स्वतः आडवी झाली.